‘दुप्पट सन्मान’ म्हणजे नेमके काय? मंडळीच्या वडिलांना मानधन देण्याविषयी

खजिनदार (प्रश्न)

सर्वांना ख्रिस्तामध्ये नमस्कार. आमच्या लहानशा मंडळीत (चर्चमध्ये) तीन वडील, म्हणजे मंडळीचा कारभार व शिक्षण पाहणारे पुढारी, आहेत. त्यांपैकी दोघे नोकरी सांभाळून कारभार पाहतात. तिसरे मात्र दर रविवारी उपदेश करतात, आठवड्यातून दोनदा शास्त्राभ्यास घेतात आणि आजाऱ्यांच्या भेटीही बहुतेक तेच घेतात. या सेवेला वेळ पुरावा म्हणून त्यांनी गेल्या वर्षी आपले कामाचे तास निम्म्यावर आणले आणि त्याबरोबर त्यांचे उत्पन्नही निम्म्यावर आले. त्यांना मंडळीच्या निधीतून दरमहा मानधन द्यावे, असा प्रस्ताव मी वार्षिक सभेत मांडला आणि त्यासाठी प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ५:१७ (अध्याय ५, वचन १७) या वचनाचा आधार घेतला. चांगल्या प्रकारे कारभार चालवणारे वडील, आणि विशेषतः उपदेश व शिक्षण यांत श्रम घेणारे वडील, दुप्पट सन्मानास योग्य मानले जावेत, असे तेथे म्हटले आहे.

सभेत तीन आक्षेप आले. पहिला असा, की प्रभूने शिष्यांना ‘फुकट मिळाले, फुकट द्या’ असे सांगितले असताना सेवेचे पैसे कसे द्यायचे? दुसरा असा, की खुद्द पौल तंबू शिवून पोट भरत होता. तिसरा असा, की तिघेही वडील समान असताना एकालाच पैसे देणे हा पक्षपात ठरेल. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे होते, की वचनात ‘सन्मान’ म्हटले आहे, ‘पगार’ नव्हे. तेव्हा वर्षाच्या शेवटी छोटासा सत्कार करून सन्मानचिन्ह द्यावे, म्हणजे वचन पाळल्यासारखे होईल. चर्चा सुरू असताना ते वडील स्वतः उठून बाहेर गेले आणि सभागृहाच्या मागच्या भागातील खुर्च्या एकावर एक रचत राहिले. निर्णय पुढच्या सभेवर ढकलला गेला आहे.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या वचनातील सन्मानात पैसा येतो की नाही? आणि येत असेल, तर हे तीन आक्षेप शास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकतात?

शब्दशोधक

खजिनदार बंधू, आपल्या ज्येष्ठ सभासदांनी बोट अगदी योग्य शब्दावर ठेवले आहे, म्हणून सुरुवात त्याच शब्दापासून करतो. मूळ ग्रीकमध्ये तेथे ‘तिमे’ हा शब्द आहे. त्याचा एक अर्थ मान आणि दुसरा सरळसरळ किंमत. मत्तय २७:६ मध्ये यहूदाने मंदिरात फेकलेल्या रुप्याच्या नाण्यांना मुख्य याजक ‘रक्ताचे मोल’ म्हणतात, तेथे हाच शब्द येतो; प्रेषितांची कृत्ये ४:३४ मध्ये शिष्य जमिनी विकून जी किंमत आणतात, तिलाही हाच शब्द आहे. मात्र एवढ्यावरून वाद मिटला असे मी म्हणणार नाही, कारण याच पत्रात ६:१ मध्ये दासांनी आपल्या धन्यांना सन्मानयोग्य मानावे असे सांगताना पुन्हा ‘तिमे’च वापरला आहे आणि तेथे पैशाचा काहीच संबंध नाही. नुसत्या शब्दकोशाच्या बळावर आपला प्रस्ताव मंजूर होणार नाही.

निकाल लागतो तो पुढच्याच वचनाने. १८व्या वचनात पौल कारण देतो, आणि दोन दाखले देतो: मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको, हा जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातला (२५:४) नियम, आणि कामकऱ्याला त्याची मजुरी मिळणे योग्य आहे, हे लूक १०:७ मध्ये प्रभूच्या तोंडी असलेले वाक्य. खळ्यावर तिवड्याभोवती दिवसभर फिरणारा बैल पायांखालच्या धान्यात तोंड घालतो, तेव्हा तो चोरी करत नसतो. ज्या कणसांची मळणी त्याच्या खुरांनी होते त्यांतले मूठभर त्याचे असते. त्या बैलाच्या गळ्यात फुलांचा हार घालून तोंडाला मुसके बांधले, तर त्याला सन्मान म्हणता येणार नाही. (सत्कार समारंभाविषयी मी याहून अधिक काही लिहीत नाही.)

याच अध्यायाची मांडणीही पाहावी. ५:३ मध्ये ‘खरोखर विधवा’ असलेल्या स्त्रियांचा सन्मान कर, असे सांगून पौल पुढची तेरा वचने त्यांच्या पोषणाविषयी बोलतो: घरच्यांनी काय करावे, मंडळीने कोणाचा भार घ्यावा, कोणाचा घेऊ नये. सोळाव्या वचनात विधवांचे पोषण संपते आणि सतराव्यात वडिलांचा विषय निघतो. मार्क ७ मध्येही प्रभू परूशांना, म्हणजे नियमशास्त्राबाबत काटेकोर असलेल्या यहूदी पंथाच्या लोकांना, याच मुद्द्यावर धरतो. आईबापांच्या गरजेचा पैसा ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिल्याचे सांगून हात झटकणाऱ्यांनी आईबापांचा मान राखला नाही, असे तो ठरवतो. मान राखणे आणि भाकरी देणे यांची फारकत शास्त्राला मान्य नाही. आपल्या भाषेला तर हे वेगळे सांगायला नको. ‘मानधन’ या एका शब्दात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या आहेत, आणि आपण प्रस्तावात ‘पगार’ऐवजी हा शब्द वापरला हे मला फार योग्य वाटले.

‘दुप्पट’ या शब्दाचा अर्थ बरोबर दोन वाटे असा घ्यावा, की भरघोस असा, याविषयी भाष्यकारांत एकमत नाही. तिसऱ्या शतकातील ‘दिदास्कालिया’ या मंडळीच्या शिस्तीच्या ग्रंथात तो अक्षरशः घेतलेला दिसतो. विधवेला जेवढा वाटा, त्याच्या दुप्पट सेवकाला (डीकनला), आणि कोणाला वडिलांचाही मान राखायचा असेल तर त्यांनाही तसाच दुप्पट. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान ख्रिसोस्तोम या वचनावर उपदेश करताना सन्मानाचा अर्थ ‘गरजा भागवणे’ असाच लावतो. म्हणजे हा अर्थ आजकालच्या कोणी पगाराच्या लोभाने काढलेला नाही.

आपला तिसरा आक्षेप समानतेचा. ‘विशेषतः’ हा शब्द पौलानेच घातला आहे. याच शब्दाच्या आधारे सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्विनने शिकवणारे वडील आणि केवळ शिस्त व कारभार पाहणारे वडील असा भेद केला, आणि जिनिव्हात १५४१ साली मंडळीची व्यवस्था बसवताना पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक अशी चार पदे ठरली. हा भेद इतका काटेकोर करावा की नाही, याविषयी आजही मतभेद आहेत. काहींच्या मते त्या ग्रीक शब्दाचा अर्थ येथे ‘विशेषतः’ असा नसून ‘म्हणजेच’ असा आहे. परंतु ‘श्रम घेणारे’ यासाठी वापरलेले क्रियापद थकून जाईपर्यंत राबण्याचे आहे, याविषयी फारसा वाद नाही. पद समान असले तरी राबणे समान नसते, आणि मजुरी राबण्याची असते.

तंबूकार

मी पंधरा वर्षे नोकरी करून वडिलपण सांभाळले आहे, म्हणून ‘पौल तंबू शिवत होता’ हे वाक्य माझ्या तोंडावर, आणि बहुतेक वेळा कौतुकाने, किती वेळा फेकले गेले याची मोजदाद नाही. ते वाक्य खरे आहे, पण अर्धे आहे. प्रेषितांची कृत्ये १८:३ मध्ये करिंथात पौल अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करताना दिसतो. दोनच वचनांनंतर सीला व तीमथ्य मासेदोनियाहून येतात आणि पौल वचनाच्या सेवेत पूर्ण गढून जातो. पुढे करिंथकरांना दुसऱ्या पत्रात (११:८-९) तो सांगतो, की तुमची सेवा करता यावी म्हणून मी दुसऱ्या मंडळ्यांकडून वेतन घेतले, अगदी ‘लुटले’ म्हणावे असे, आणि माझी गरज मासेदोनियाच्या बंधूंनी भागवली. फिलिप्पैकरांनी तर थेस्सलनीकात असतानाही त्याला एकदा नव्हे, दोनदा मदत धाडली होती. तंबू शिवणाऱ्या पौलाच्या मागे मंडळ्यांचा पैसाही उभा होता, ही बाजू सभेत कोणी वाचून दाखवत नाही.

नियम त्याने १ करिंथ ९:१४ मध्ये स्वच्छ लिहिला आहे: सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी अशी प्रभूचीच आज्ञा आहे. लगेच पंधराव्या वचनात तो म्हणतो, की मी स्वतः हा हक्क वापरला नाही. हक्क सोडण्याचा अधिकार हक्कदाराचा असतो. मंडळीने परस्पर ठरवून त्याच्या वतीने तो हक्क सोडला, तर त्याला त्याग म्हणत नाहीत.

आता माझी चूक सांगतो, कारण ती आपल्या सभेच्या उपयोगाची आहे. मला दोन वेळा मानधन देऊ करण्यात आले आणि दोन्ही वेळा मी ते नाकारले. माझे उत्पन्न पुरेसे होते, मुले मोठी झाली होती, आणि खरे सांगायचे तर नाकारण्यात मला थोडा अभिमानही वाटत होता. मी पायउतार झाल्यावर माझ्या जागी आलेले बंधू तिशीतले होते, पदरी लहान मुले होती, बचत नव्हती. त्यांना मानधन देण्याचा विषय निघालाच नाही, कारण ‘आपल्याकडे वडील काही घेत नाहीत’ ही तोवर मंडळीची परंपरा झाली होती. शनिवारी रात्री कामावरून उशिरा येऊन ते उपदेशाची तयारी करत आणि रविवारी सकाळी त्यांचा आवाज बसलेला असे. आम्ही पुढच्या बाकावर बसून तयारी कमी पडते असा शेरा मारत असू. दोन वर्षांनी त्यांनी सेवा सोडली. माझ्या त्यागाचे बिल त्यांनी भरले, आणि हे मला ते गेल्यावर कळले.

नहेम्या १३:१० मध्ये हेच आहे. लेव्यांचे, म्हणजे मंदिराची सेवा नेमून दिलेल्या वंशाच्या लोकांचे, वाटे कोणी दिले नाहीत, म्हणून सेवा करणारे लेवी व गायक आपापल्या शेतांकडे निघून गेले. नहेम्याने मग लेव्यांच्या निष्ठेविषयी प्रवचन दिले नाही. त्याने अधिकाऱ्यांना फैलावर घेतले.

फुकट देण्याच्या आक्षेपाबद्दल एकच. मत्तय १०:८ वाचणाऱ्यांनी तेवढ्यावर पुस्तक मिटू नये. त्याच आज्ञेत, दोनच वचनांनंतर, कामकरी आपल्या अन्नास योग्य आहे असे प्रभू म्हणतो. शिष्यांनी आरोग्य आणि सुवार्ता विकायची नाही, आणि लोकांनी शिष्यांना उपाशी ठेवायचे नाही. दोन्ही सूचना एकाच श्वासात दिलेल्या आहेत.

एक सभासद

वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली आणि तरीही माझे मन शंकित आहे, त्याचे कारण पुस्तकी नाही. मी पूर्वी ज्या मंडळीत होतो, तेथे ‘दुप्पट सन्मान’ हे वचन वर्षातून तीन-चारदा वाचले जाई आणि तेही नेहमी दानपेटी फिरण्याआधी. तेथील मुख्य वडिलांच्या हाती निधीही होता आणि हिशेबही. मी एकदा वार्षिक जमाखर्च मागितला, तेव्हा मला दाविदाचे उदाहरण ऐकवण्यात आले: परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकू नये. मी हात टाकत नव्हतो, पावती मागत होतो. तीन महिन्यांत मी आणि माझे कुटुंब त्या मंडळीच्या बाहेर होतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की सन्मानाची चर्चा सतराव्या वचनावर सुरू करून अठराव्यावर थांबवू नये. याच पत्रात ३:३ मध्ये अध्यक्ष, म्हणजे मंडळीची देखरेख करणारा, द्रव्यलोभी नसावा अशी अट आहे. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (५:२-३) सहवडील या नात्याने वडिलांनाच बजावतो, की कळपाची देखरेख अनीतीच्या लाभासाठी करू नका आणि धनीपणा गाजवू नका. आणि पैसा हाताळण्याची रीत पाहायची असेल तर २ करिंथ ८:२०-२१ पाहावे. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमलेली मोठी रक्कम पौल एकट्याने नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेले बंधू सोबत घेतो, आणि कारणही सांगतो, की आमच्यावर कोणाला ठपका ठेवता येऊ नये. प्रेषिताला साक्षीदार सोबत घ्यावेसे वाटले, तर वडिलांना हिशेब दाखवण्यात कमीपणा का वाटावा?

मानधनाला माझा विरोध नाही. रक्कम कोण ठरवणार, कशावरून ठरवणार आणि ती जमाखर्चात सर्वांना दिसणार की नाही, एवढे आधी लिहून काढावे, ही विनंती.

शब्दशोधक

आपल्यावर जे गुदरले ते वाचून वाईट वाटले, आणि आपली सूचना मान्य आहे. मी अठराव्या वचनावर थांबलो ही माझ्या उत्तरातील उणीवच होती. पौल थांबलेला नाही. १९व्या वचनात तो सांगतो, की दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून वडिलांवरचा आरोप दाखल करून घेऊ नको. अनुवाद १९:१५ प्रमाणे हे संरक्षण कोणत्याही इस्राएली माणसाला होते, वडिलांसाठी काढलेली ही वेगळी सवलत नव्हे. ज्याला रोज लोकांच्या वादांत पडावे लागते, त्याच्यावर चिडून बोट दाखवणारे लवकर निघतात, म्हणून ते येथे मुद्दाम बजावले आहे. लगेच २०व्या वचनात, जे पाप करत राहतात त्यांचा दोष सर्वांसमक्ष त्यांच्या पदरी घाल, असे येते, आणि २१व्यात तर देव, ख्रिस्त येशू व निवडलेले देवदूत यांच्यासमोर शपथ घातल्यासारखे सांगितले आहे, की हे काही पक्षपाताने करू नको. मजुरी देणारी मंडळी आणि साक्षीदार ऐकून घेणारी मंडळी एकच आहे. आपल्या जुन्या मंडळीत जे झाले, त्यात सन्मान जास्त झाला असे मी म्हणणार नाही. अर्धाच झाला, आणि उरलेला अर्धा वाचू दिला गेला नाही.

मंडळीने हा ताण फार लवकर ओळखला होता. ‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या काळातील पुस्तिकेत अकराव्या अध्यायात फिरत्या प्रेषिताविषयी लिहिले आहे, की तो तीन दिवस राहिला तर खोटा संदेष्टा समजावा, आणि जाताना पैसे मागितले तरीही खोटाच. तेराव्या अध्यायात मात्र तुमच्यात स्थायिक होऊ इच्छिणारा खरा संदेष्टा व खरा शिक्षक अन्नास योग्य आहे, धान्याचे व द्राक्षारसाचे प्रथमफळ त्याला द्या, असे सांगितले आहे. मागणाऱ्याला देऊ नका आणि राबणाऱ्याला मागायला लावू नका, असा त्या दोन अध्यायांचा मेळ मला दिसतो.

पाळकाची लेक

मी या मंचावर बहुधा वाचतेच, लिहीत नाही. पण ज्या घरात हा ‘सन्मान’ येऊन पोचत असे त्या घरात मी वाढले, म्हणून दोन गोष्टी सांगते.

माझ्या वडिलांना ठरावीक मानधन नव्हते. लोक प्रेमळ होते, हात आखडते नव्हते, पण देण्याची रीत पाकिटाची होती. उपासना संपल्यावर हस्तांदोलन करताना कोणी तळहातात पाकीट सरकवत असे, कोणी घरी येऊन पवित्र शास्त्राच्या आत ठेवून जात असे. आई त्यावर पेन्सिलीने तारीख लिहून स्वयंपाकघरातील एका डब्यात ठेवायची. ज्या महिन्यात बाबांनी उपदेशात कोणाचे मन दुखावले असेल, त्या महिन्यात तो डबा हलका असे, हे मला दहाव्या वर्षी कळत होते. याकोबाच्या पत्रातील दुसरा अध्याय, म्हणजे सभेत सोन्याची अंगठी घालून येणाऱ्याला मानाची जागा देण्याविषयीचा, त्यांनी एकदा शिकवला, तेव्हा आदल्या रात्री ते आईशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. त्यांनी तो शिकवला, हे त्यांचे मोठेपण. पण तसे मोठेपण त्यांना दाखवावे लागू नये, अशी व्यवस्था करणे मंडळीच्या हाती होते. सर्वांच्या निधीतून, सर्वांच्या संमतीने, ठरलेल्या दिवशी जे मिळते, त्यावर कोणा एकाचे नाव नसते आणि ते घेणाऱ्याला कोणा एकाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. म्हणून ‘सन्मान म्हणजे पगार नव्हे’ हे वाक्य ऐकले की मला तो डबा आठवतो.

दुसरी गोष्ट पैशाची नाही. १ थेस्सलनीका ५:१२-१३ मध्ये तुमच्यामध्ये श्रम करणाऱ्यांना ओळखा, त्यांच्या कामामुळे त्यांना प्रीतीने अत्यंत मान द्या, असे म्हटले आहे, आणि त्याला जोडूनच ‘तुम्ही आपसांत शांतीने राहा’ असे येते. हे शेवटचे वाक्य तेथे का आले असावे, याचा विचार मी खूप केला आहे. बाबांना सर्वांत जास्त थकवले ते उपदेशाने किंवा भेटींनी नाही, तर सभासदांच्या आपसातल्या भांडणांनी. रविवारी दुपारी जेवणाच्या वेळी फोन वाजे आणि कोणीतरी दुसऱ्या कोणाविषयी तक्रार सांगत राही. बाबांच्या ताटातले निवून जाई. इब्री १३:१७ मध्ये पुढाऱ्यांनी आपले काम आनंदाने करावे, कण्हत करू नये, अशी व्यवस्था ठेवण्याची जबाबदारी सभासदांवर टाकली आहे. एखाद्या महिन्यात मानधनात भर घालता आली नाही, तर निदान दोन तक्रारी एकमेकांशीच बोलून मिटवाव्यात. त्या घरातल्या माणसांना तो सन्मान लगेच कळतो.

खजिनदार

सर्वांचे मनापासून आभार. काल सभा झाली, तिचा वृत्तांत देणे माझे कर्तव्य आहे.

गलती ६:६ हे वचन (ज्याला वचनाचे शिक्षण मिळते त्याने शिक्षण देणाऱ्याला सर्व चांगल्या पदार्थांत वाटा द्यावा) मी सुरुवातीला वाचले आणि मत्तय १०:८ च्या पुढची दोन वचने एका तरुण सभासदाकडून मोठ्याने वाचून घेतली. त्यानंतर पहिला आक्षेप कोणी पुन्हा घेतला नाही. ‘एक सभासद’ यांच्या सूचनेप्रमाणे मानधनाची रक्कम वडिलांनी न ठरवता मंडळीने निवडलेल्या तिघांनी ठरवावी, त्या तिघांत वडिलांचे नातेवाईक नसावेत, आणि ती रक्कम वार्षिक जमाखर्चात वेगळ्या ओळीत दाखवावी, असा ठराव झाला. विधवांसाठीच्या निधीला हात न लावता हे करावे, अशी दुरुस्ती त्याच ज्येष्ठ सभासदांनी सुचवली, ज्यांनी सन्मानचिन्हाचा प्रस्ताव मांडला होता. त्यांच्या हाती तीमथ्याचे पत्र उघडे होते आणि ते ५:३ पासून वाचत आले होते, हे मला फार आवडले. नोकरी करणाऱ्या दोन्ही वडिलांनी आपल्याला मानधन नको असे सांगितले. तेव्हा ‘तंबूकार’ यांचा अनुभव आठवून मी ते इतिवृत्तात ‘व्यक्तिगत निर्णय, पुढील वडिलांवर बंधनकारक नाही’ अशा शब्दांत नोंदवून घेतले.

ते तिसरे वडील या वेळी खुर्च्या रचायला गेले नाहीत. त्यांना काही सांगायचे आहे का, असे अध्यक्षांनी विचारले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, की रकमेविषयी तुम्ही ठरवाल ते मान्य आहे, पण महिन्यातला एखादा गुरुवारचा शास्त्राभ्यास दुसऱ्या कोणी घेतला तर बरे होईल. चार हात वर झाले. पुढच्या गुरुवारी माझी पाळी आहे.